काळी दोनमधला रॉक

मालवणात कुणालाही "रॉकचा कार्यक्रम करतोय" म्हणून सांगा, समोरचा हमखास विचारतो, "खय? रॉक गार्डनात?" समुद्राकाठची ती बाग पर्यटकांमुळे सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि रॉक या शब्दाचा आमच्याकडे तेवढाच अर्थ. गेल्या दिवाळीआधी दोन महिने हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला, की शेवटी "होय, थयसूनच दगड आणतंव" असं उत्तर द्यायला लागलो. दगड खरोखरच आणावे लागले. ते पुढे सांगतो.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, मिक्सर, पंखे, जे जळेल ते माझ्याकडे येतं. संध्याकाळी शटर ओढलं की बेस गिटार. आम्ही चौघे सोडणांच्या खोपीत सराव करतो. नारळाची सोडणं छतापर्यंत रचलेली असली की आवाज बाहेर जात नाही आणि आत घुमतही नाही. शहरातले लोक यासाठी भिंतींना स्पंज लावतात म्हणे.

सीझनमध्ये हॉटेलांत वाजवतो, पण तिथे पर्यटकांच्या फर्माईशी. स्वतःची गाणी स्वतःच्या वाडीत कधी वाजवलीच नव्हती. आमच्यासारखेच आणखी तीन बँड ओळखीचे होते. कुडाळची कॉलेजातली पोरं, वेंगुर्ल्याचे चौघे (त्यातले दोघे चर्चमध्ये क्वायरबरोबर वाजवतात) आणि रत्नागिरीचे तिघे मेटलवाले. सगळ्यांचं रडगाणं एकच. मग ठरलं, दिवाळीत आमच्याकडे जमायचं. पाडव्याची संध्याकाळ, आठ ते बारा. जागा शाळेचं मैदान.

या योजनेतलं 'दिवाळी' सोडून पुढे काहीही शिल्लक राहिलं नाही.

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि दोन गोष्टी सांगितल्या. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. वर्षातले फार तर १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत मिळू शकते, पण ते दिवस वरून ठरतात आणि आम्ही मागितलेला पाडवा त्यांत नव्हता. दुसरी गोष्ट शाळेची. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. "साहेब, शाळेला तर सुट्टी असणार," मी म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेप आणायला सांगितली. मैदानाचं लांबचं टोकसुद्धा शंभराच्या आत भरलं.

माझा मोठा चुलतभाऊ गिरगावात वाढला. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. १९८६ पासून मुंबईत इंडिपेंडन्स रॉक व्हायचं, त्यातले धोबीतलावच्या रंगभवनातले कार्यक्रम त्याने कुंपणावर बसून ऐकलेत. त्या रंगभवनाचा आवाजही असाच गेला, आजूबाजूला रुग्णालय आणि कॉलेज म्हणून. "तुमचं नशीब मुंबईच्या बरोबरीचं आहे," म्हणाला.

आठ ते दहा करायचं तर चार बँडना प्रत्येकी अर्धा तास. मध्ये ड्रम हलवायचे, तारा जोडायच्या, त्यातच अर्धा वेळ जाणार. आठवडाभर आम्ही मांडणी करत आणि मोडत होतो. तोडगा आईने काढला, तोही नकळत. टीव्हीवर कुठल्यातरी दिवाळी पहाटेची जाहिरात लागली होती. ती म्हणाली, "ते बघ पहाटे गातत. तुमी कित्याक रात्री आरडतास?"

सहा वाजता बंदी संपते, म्हणजे सहा वाजता सुरू करता येतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे तसंही सगळं गाव जागं असतं.

आमच्याकडे त्या दिवसाला चावदिस म्हणतात. रात्रभर पोरं नरकासुर घेऊन फिरतात आणि पहाटे जाळतात. सूर्य उगवायच्या आत तेल-उटणं लावून आंघोळ करायची, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, "गोविंदा, गोविंदा" म्हणत त्याचा कडू रस जिभेला लावायचा. मग पोहे. गूळपोहे, दूधपोहे, ताकातले पोहे, तिखट पोहे, आणि ते एकमेकांच्या घरी जाऊन खायचे. आठ वाजेपर्यंत माणूस पोह्यांनी जड होतो. म्हणजे सहा ते आठ हीच वेळ मोकळी. साहेबांना नवा अर्ज दिला तेव्हा त्यांनी आधी तारीख बघितली, मग माझ्याकडे. "सहाला एक मिनिट कमी असेल तरी स्पीकर चालू दिसता कामा नये." नाही दिसणार, म्हटलं.

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, जागामालकाचं संमतिपत्र, दुसऱ्यांची गाणी वाजवणार म्हणून आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना, असे कागद गोळा केले. त्यांतला एक कागद एका कार्यालयात टेबलाखालच्या गठ्ठ्यात नऊ दिवस होता. मिळाला, झालं.

जागा मात्र चांगली मिळाली. हळवं भात लवकर कापून होतं, गरवं दिवाळीनंतरही उभं असतं. खाडीच्या अंगाला एका काकांचे तीन कुणगे, म्हणजे भाताचे वाफे, हळव्याचे होते, ते दसऱ्यानंतर लगेच रिकामे झाले. जमीन ओली, पण माणूस रुतणार नाही इतपत. स्टेजसाठी मंडपवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही रस्त्यापलीकडच्या अर्धवट घराकडे वळलो. तिथे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची थप्पी होती, काम पावसापासून थांबलेलं. मालक म्हणाले, "मोजून नेतास, मोजून आणून दिया." ४१२ चिरे नेले. जांभ्याचा एक चिरा उचलून बघा, म्हणजे ४१२ हा आकडा कसा लागतो ते कळेल. कुडाळची पोरं दोन दिवस गिटारला हात लावू शकली नाहीत.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. ही जरा लांबणार आहे, कारण यातच माणूस मरतो.

जनरेटर ठरवला होता ६२.५ केव्हीएचा. तो आदल्या दिवशी दुपारी यायचा होता, आला रात्री साडेआठला. तोवर खोळंबा नको म्हणून कुणीतरी काकांच्या घरातून वायर ओढून गिटारचे ॲम्प्लिफायर चालू केले. जनरेटर आल्यावर मिक्सर आणि माइक त्यावर. मी तेव्हा नरकासुराच्या पोरांशी भांडायला गेलो होतो. वेंगुर्ल्याचा गायक गळ्यात गिटार अडकवून माइकजवळ गेला, ओठ जाळीला लागला आणि तो सरळ मागे ड्रमवर पडला.

दोन वेगवेगळ्या ठिकाणची वीज, दोन वेगवेगळी अर्थिंग. गिटारच्या तारांना धरलेला हात घराच्या अर्थला जोडलेला, ओठ जनरेटरच्या. दोन्हींत जेवढ्या व्होल्टचा फरक, तेवढ्या दाबाची वीज माणसातून जाते. त्यात जनरेटरवाल्याने अर्थची वायर नुसती चाकाच्या रिमला बांधली होती, म्हणजे अर्थ नव्हतीच. गायक उठला, ओठाला फोड आली होती, बाकी ठीक. माझे हात मात्र पुढचा अर्धा तास थरथरत होते.

सगळं बंद केलं. घरची वायर काढून फेकली. एकाच जनरेटरवर सगळं, आणि त्याला खरीखुरी अर्थिंग. इथे कुणग्याने हात दिला. वर कातळावर कार्यक्रम असता तर मी हरलो असतो, सुका जांभा वीज सहजी पोटात घेत नाही. भातशेतीची ओली माती घेते. कुदळीने कमरेएवढा खड्डा मारला, दीड इंची जीआय पाइप उभा केला, भोवती थरावर थर कोळसा आणि जाडं मीठ, वरून पाच बादल्या पाणी. मीठ काकींनी लोणच्यासाठी आणलेलं होतं. अजून ऐकवतात.

तरीही स्पीकरमधून एक बारीक गुणगुण येतच राहिली. तेवढ्यात बुवा आले.

बुवांबद्दल आधी सांगायला हवं. ते आमच्या वाडीच्या भजन मंडळाचे मुख्य गायक. हे मंडळ पंचक्रोशीत डबलबारीला जातं. ज्यांनी डबलबारी बघितली नाही त्यांच्यासाठी: समोरासमोर दोन मंडळं बसतात, रात्रभर आळीपाळीने गातात, एक बुवा अभंगातून दुसऱ्याला कोडं घालतो, दुसरा गाण्यातूनच उत्तर देतो, आणि लोक आपापल्या बुवासाठी ओरडतात. मी लहानपणापासून हे बघत आलो. पुढे कुणी 'बँडची चुरस' म्हणून परदेशी कौतुक सांगायला लागलं तर मला त्यात नवल वाटलं नाही. तर महिनाभर आधी मी बुवांना विचारलं होतं, आमच्याबरोबर एक गजर घ्याल का. त्यांनी होय-नाही काही न म्हणता विचारलं, "सूर कितीचो तुमचो?"

गिटारवाल्याला हा प्रश्न कळत नाही. आमची गिटार ज्या सुरात लावलेली असते, त्यात खर्जाची खुली तार म्हणजे इंग्रजी ई, म्हणजे पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी, पांढरी तीन. बुवा काळी दोनमध्ये गातात. म्हणजे बरोबर अर्धा सूर खाली. आणि गंमत अशी, की जगभरचे कितीतरी रॉकवाले गळ्याला सोपं जावं आणि तारा सैल व्हाव्यात म्हणून गिटार अर्धा सूर उतरवूनच लावतात. आमच्या मेटलवाल्यांच्या गिटारी तशाच लावलेल्या होत्या. तशाच उतरवलेल्या बेसची जाड तार खुली वाजवली की काळी दोन, बुवांचा सा. तिच्या वरची खुली तार शुद्ध म. प दुसऱ्या पट्टीवर बोटाखाली. भजनी ठेका आठ मात्रांचा, ड्रमवाला चार-चार मोजतो. बसवायला काही उरलंच नव्हतं. पहिल्या सरावाला बुवा डोळे मिटून ऐकत होते, मग म्हणाले, "आवाज मोठो आसांदे, बेसूर नको." त्यांनी ही एकच अट घातली.

तर त्या रात्री बुवा कुणग्यात आले, उपरणं सावरत उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या गुणगुणता ता काय रे? तुमचो तंबोरो पांढरी पाचात वाजता."

मी थक्क झालो. वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण त्याच सुराची, आणि पांढरी पाचचा खालचा सूर ४९ हर्ट्झचा. तीस वर्षं मी मोटारींचा हा आवाज ऐकतोय, पण तो कुठल्या पट्टीत आहे हे कधी बघितलं नव्हतं. काळी दोनवर पांढरी पाच म्हणजे शुद्ध गंधार, त्यामुळे गाताना अगदीच खुपत नव्हती. पण बुवांना नको होती. एकेक तार काढून बघत अकरा वाजले. शेवटी खाऱ्या हवेने हिरवी पडलेली एक जॅक सापडली. ती कापली, नवी डकवली, गुणगुण गेली. इथल्या हवेत गिटारची तार महिनाभरात तांबते, जॅक तरी कशी टिकणार.

नरकासुराच्या पोरांशी भांडण कशावरून होतं? त्यांना नरकासुरामागे डीजे हवा होता, आणि रात्री दहानंतर डीजे वाजला असता तर पहाटेची आमची परवानगी गेली असती. त्यांचं म्हणणं, नरकासुर आमचा आणि परवानगी तुमची. बरोबरच होतं. शेवटी तोड अशी निघाली, की रात्रभर ढोल-ताशा, विजेचं काही नाही. बदल्यात नरकासुर आमच्या स्टेजसमोर जाळायचा आणि त्यांच्यातल्या ढोलवाल्या दोघांनी पहिल्या गाण्यात वाजवायचं. बारा फुटी नरकासुर, बांबूचा सांगाडा, पोटात पेंढा आणि फटाके, तोंडाला रंग. पोरांनी त्याच्या हातात पुठ्ठ्याची गिटार दिली. मला जरा लागलं, पण बोललो नाही.

आई आधीच म्हणाली होती, "चावदिसाक आंघोळ केल्याशिवाय घराभायर पाय टाकलंस तर बघ." त्यामुळे पहाटे चारला सगळे पाहुणे बँडवाले आमच्या खळ्यात रांगेने बसले, अंगाला तेल चोपडून. न्हाणीघर एक. मुंबईहून आमचा जुना ड्रमर झांजांची पिशवी मांडीवर घेऊन तुतारी एक्स्प्रेसने आला होता. केशवसुतांच्या कवितेचं नाव असलेल्या गाडीतून वाद्यं यावीत हे मला उगाचच शुभ वाटत होतं. रत्नागिरीच्या मेटलवाल्याचे केस पाठीपर्यंत. आईने स्वतः त्यांना शिकेकाई लावली. कारीट फोडलं, जीभ कडू झाली, आणि त्या चवीतच मी बेस गळ्यात अडकवला.

साडेपाचला नरकासुर जळाला. उजाडायला वेळ होता, धुकं कुणग्यात गुडघ्याएवढं. मग एक अडचण कळली, जी आम्ही कुणीच धरली नव्हती. दव. संध्याकाळी उबेत लावलेल्या गिटारीच्या तारा गारठ्याने आखडून किंचित चढल्या होत्या. पखवाजाची कातडी दमट हवेने सैल पडून उतरली होती. दोघे विरुद्ध दिशांना गेले. गिटार दोन मिनिटांत लागते. पखवाज नाही लागत. पखवाजवाल्याने वाद्यांखालच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी मारून बघितलं, पुरेना. शेवटी तो पखवाज उचलून स्टेजच्या हॅलोजनसमोर बसला, शेकोटीला हात धरावा तसा. पाच मिनिटं शेकायचा, थाप मारायचा, मान हलवायचा, परत शेकायचा. घड्याळात पाच सत्तावन. दीड-दोनशे माणसं उटण्याच्या वासासकट समोर उभी, आणि स्टेजवर एक माणूस पखवाज भाजतोय.

साहेब स्वतः आले होते, साध्या कपड्यांत, मुलीला घेऊन. त्यांनी मनगट वर केलं. सहा.

पहिलं गाणं गजराचंच. ढोल, पखवाज, ड्रम, आणि मी खुली तार सोडली. कुणग्याच्या ओल्या मातीतून तो सूर तळपायाला लागला. बुवांनी माइकपासून हातभर लांब राहूनच "विठ्ठल विठ्ठल" उचललं, सवयच तशी, आणि तरीही ते आमच्या सगळ्यांच्या वर होते. नंतरचं फारसं आठवत नाही. वाजवताना आठवत नाहीच.

सहा वीसला फोन आला. खाडीपलीकडून. गार हवा जमिनीलगत साचलेली असते तेव्हा आवाज वर उडून न जाता वाकून खाली येतो आणि लांबवर पोचतो. म्हणून संध्याकाळच्या चाचणीला पलीकडे काही ऐकू गेलं नव्हतं आणि पहाटे भांडी वाजत होती. त्या घरात तीन आठवड्यांची बाळंतीण होती. बेस खाली घेतला, दोन मोठे स्पीकर समुद्राकडे वळवले. मोबाइलवर आवाजाचं मीटर लावून कुंपणाशी जाऊन आलो. आकडा बघितला आणि अजून थोडा खाली घेतला. कार्यक्रमाला त्यानंतर जरा पाणी पडल्यासारखं झालं, हे कबूल करतो. पण तिकडे बाळ झोपलं असं कळलं.

कुडाळच्या पोरांनी एक गाणं तीनदा सुरू केलं आणि चौथ्यांदा छान वाजवलं. वेंगुर्लेकरांनी ओठावर फोड असून गायलं. मेटलवाले मुद्दाम शेवटी ठेवले होते, साडेसातला, उजाडल्यावर. पहिली किंकाळी निघाली तशा पुढच्या रांगेतल्या दोघी काकी उठून उभ्या राहिल्या. "देवचारासारख्या कित्याक आरडतत हे?" त्यांच्या मागे बसलेले आजोबा सत्तर वर्षं दशावतार बघत आलेले. ते पानाची पिंक टाकून शांतपणे म्हणाले, "राक्षसपार्टी बरी हा." काकी बसल्या. रत्नागिरीच्या पोराला हे नंतर सांगितलं, तर त्याने विचारलं, राक्षसपार्टी म्हणजे काय? मग दशावतारात राक्षसाचं काम करणारा नट बघायला त्याला जत्रेला बोलावलं.

आठला दोन मिनिटं असताना बंद केलं. कुणग्याच्या कडेला मोठ्या टोपात पोहे तयारच होते. कुणाचं घर कुठलं याचा हिशेब न ठेवता सगळ्यांनी तिथेच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी चिरे परत केले. मोजले तर ४०९. परत मोजले, ४०९. मालक कमरेवर हात ठेवून उभे. कुणगा पालथा घातला, नरकासुराची राख उपसली. शेवटी बांधाआड सापडले. काकींनी पोह्यांच्या टोपासाठी चूल मांडली होती, तीन चिऱ्यांची. तिन्ही एका अंगाने काळेठिक्कर. मी बदलून देतो म्हटलं. मालकांनी ते उलटेसुलटे करून बघितले आणि थप्पीवर ठेवायला सांगितले. घर मे महिन्यात पुरं झालं. गडग्याच्या दाराशी तळाला ते तिन्ही बसवलेत, काळी बाजू रस्त्याकडे.